चाळिसावी ढोली

१

ढोलीत हात घालण्याआधी घसा खाकरायचा. मोठ्याने नाही. शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय आणि आपल्याला आत जायचंय, एवढ्याच बेताने. आत जी कोणी असेल तिला कळतं की काहीतरी येतंय. ती अंग आवरून घेते आणि मग हात घातला तर चोच मारत नाही. निदान बहुतेक वेळा मारत नाही. माझ्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे ती एका घुबडामुळे, आणि चूक माझीच होती. त्या दिवशी मी खाकरायला विसरलो होतो.

बावीस वर्षं मी हेच काम करतोय. तलावाच्या उत्तरेच्या काठाला दलदलीचं रान आहे. झाडं गुडघाभर पाण्यात उभी असतात, मुळं चिखलाच्या वर आलेली. त्यातल्या म्हाताऱ्या झाडांना ढोल्या पडतात आणि त्या ढोल्यांत बदकं, घुबडं, सुतार पक्षी, वटवाघळं आपापला संसार मांडतात. दर हंगामात किती ढोल्या नांदत्या आहेत ते आम्ही मोजतो. विजेरी मारायची नाही, प्रकाश पडला की आई घरटं टाकून जाते. हाताने चाचपूनच मोजायचं. एकाने हात घालायचा, दुसऱ्याने लिहायचं. दोन्ही कामं एकाच माणसाने करायची नाहीत, म्हणजे लबाडीला जागा राहत नाही.

माझा मेहुणा चारचौघांत माझी ओळख ‘झाडांचे खिसे तपासणारे’ अशी करून देतो. हसू द्या त्याला. लग्न झालं तेव्हा मी या कामात नवीन होतो आणि संध्याकाळी डोळे मिटून बायकोच्या हाताची बोटं चाचपून मोजायचो. दर वेळी पाचच निघायची, तरी मी पुन्हा मोजायचो. ती म्हणायची, “मोजा, मोजा. पगार तेवढा वाढवून मागा.”

२

यंदा मोजणी म्हणजे गळ्याशी आलेलं काम होतं. काठावर भराव घालून धक्का आणि रस्ता करायचं वरून घाटत होतं. नियम सरळ होता: चाळीस नांदत्या ढोल्या निघाल्या तर रान कायमचं राखीव, एकोणचाळीस निघाल्या तर भराव. त्यातच मोजणीतल्या माझ्या जोडीदाराची कंबर धरली आणि तो अंथरुणाला खिळला. मी एकटाच फिरलो. हातही माझा, पेनही माझं.

एकोणचाळीस निघाल्या.

पुन्हा फिरलो. तिसऱ्यांदा फिरलो. ज्या झाडांना मी वर्षानुवर्षं ओळखतो त्यांच्या बुंध्याला हात लावून अक्षरशः विनवण्या केल्या. या रानात पाण्याखालच्या मुळांमध्ये तलावातले निम्मे मासे अंडी घालतात. इथे पाणमांजराची आई पिल्लांना मानगुटीला धरून पाण्यात ढकलते आणि ती केकाटतात, ते मी स्वतः पाहिलंय. आणि हे सगळं एका ढोलीवरून जाणार? घरी आलो तेव्हा मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू.

बायको स्वयंपाकघरात होती. मी टेबलाशी नोंदवही उघडून बसलो होतो. माझ्यासमोर भिंतीतलं फडताळ, त्याचं दार अर्धवट उघडं. वर घड्याळ. आमचं घड्याळ चालतं, पण दर चौथी टिक गिळतं. टिक, टिक, टिक, आणि मग काही नाही.

“अहो, लिहा ना एक जास्त,” ती म्हणाली. “पक्षी काय तक्रार करायला येणार आहेत?”

मी हसलो. मग हसायचा थांबलो. मग लिहिलं.

खोटं लिहायलाही डोळ्यांसमोर काहीतरी लागतं. माझ्या डोळ्यांसमोर फडताळ होतं, तेच पाहत पाहत लिहीत गेलो. ‘ढोली क्रमांक चाळीस. छातीच्या उंचीला. तोंड एक वीत चार बोटं. आत हात कोपराच्या वर जातो. तळ कोरडा. नांदती. आत पाच.’ पाच का, ते विचारू नका. तोच आकडा हाताच्या सवयीचा होता.

३

तीन आठवड्यांनी तपासनीस आली. पंचविशीतली पोर, पायांत नवे कोरे गमबूट. मी मनात म्हटलं, ही दुपारपर्यंत परत जाईल. ती परत गेली नाही. होडीत बसताना तिने मला एवढंच सांगितलं, “काका, वहीत काय आहे आणि झाडात काय आहे, दोन्ही जुळलं की माझं काम झालं. हात मी घालणार, तुम्ही लिहायचं.”

“चाळीसच्या चाळीस तपासणार?”

“एक सोडली तरी सगळं फुकट ना!”

खाकरण्याची गोष्ट मी तिला पहिल्या झाडाशीच शिकवली. तिचं खाकरणं शाळेत गुरुजींपुढे उभं राहिल्यासारखं होतं, पण हात हलका होता. चौथ्या ढोलीत तिच्या तळहातावर बदकाचं पिल्लू चढून बसलं आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला ती एकदम आवडून गेली. नेमकं तेच अवघड झालं. एखादा सरकारी ठोकळा आला असता तर त्याच्या डोळ्यांत धूळ फेकताना मला काही वाटलं नसतं.

पहिल्या दिवशी बावीस ढोल्या झाल्या. सगळ्या जुळल्या.

“उद्या उरलेल्या अठरा,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणालो. सतरा, असं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

४

त्या संध्याकाळी मी आणि बायकोने टेबलाशी बसून बेत केला. सांगायचं की चाळीस नंबरचं झाड मागच्या वादळात पडलं आणि पाण्यात वाहून गेलं. त्याच्यावरची नंबराची पत्र्याची पट्टी तेवढी सापडली, ही बघा. पडलेल्या झाडाची ढोली धरायची की नाही हा वरच्यांचा प्रश्न. निदान संशयाचा फायदा मिळेल.

पट्ट्या मी स्वतः करतो. पत्रा कापायचा, खिळ्याने ठोकून ठिपक्या-ठिपक्यांचा आकडा उठवायचा. एक ते पन्नास एकदमच करून ठेवल्या होत्या. एकोणचाळीस झाडांवर आहेत, बाकीच्या बिस्किटांच्या डब्यात. डबा फडताळात असतो. मी तो काढला आणि पट्ट्या टेबलावर ओतल्या.

एक्केचाळीस होती. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस होती. शेचाळीसपासून पुढच्याही होत्या.

“पंचेचाळीस टेबलाच्या पायाखाली आहे,” बायको म्हणाली. “डुगडुगत होतं. माझ्याकडे असं काय बघताय?”

“चाळीस कुठे ठेवलीस?”

“मी कशाला ठेवू? टेबलाचा एकच पाय डुगडुगत होता.”

मी फडताळाच्या तळाशी हात घालून चाचपलं. साबणाच्या वड्या, दोऱ्याची रिळं, जुनी कात्री. पट्टी नव्हती. मी स्वतःला समजावलं की चाळिसावी आपण कदाचित केलीच नसेल, मोजताना आकडा चुकला असेल. बावीस वर्षं मोजण्याचं काम करणाऱ्या माणसाने स्वतःला हे समजावणं सोपं नसतं, पण मी समजावलं. रात्री उशिरापर्यंत डोळा लागला नाही, आणि घड्याळ तेवढं टिक गिळत बसलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी आम्ही लवकर निघालो. पाणी स्थिर होतं. तेवीसपासून एकोणचाळीसपर्यंत सगळं सुरळीत झालं. साडेदहा वाजून गेले होते. एकोणचाळीस नंबर रानाच्या शेवटच्या टोकाला आहे, त्याच्या पलीकडे उघडा तलाव. मी वही मिटली, घसा साफ केला आणि पडलेल्या झाडाची गोष्ट सुरू करायला तोंड उघडलं.

“मॅडम, चाळीस नंबरचं असं झालंय की...”

“ते काय, दिसतंय की,” ती म्हणाली.

ती माझ्या मागे बघत होती. मी वळलो.

त्या जागेवरून मी बावीस वर्षं होडी वळवतोय. तिथे वेत वाढतो आणि उन्हात पाणसाप पहुडलेले असतात. झाड नव्हतं. आता होतं. काळपट, ठेंगणं, रुंद बुंध्याचं. छातीच्या उंचीला ढोली आणि ढोलीच्या वर पत्र्याची पट्टी, ठिपक्या-ठिपक्यांचा चाळीस.

मी झाडावर पट्टी ठोकतो तेव्हा खिळा अर्धा बाहेर ठेवतो, म्हणजे झाड जाड झालं तरी पट्टीला जागा राहते. इथेही खिळा अर्धा बाहेर ठेवलेला असावा. पण साल त्याच्यावरून वाढत आली होती आणि पट्टीच्या कडा तिने ओठांत धरल्यासारख्या धरल्या होत्या. तेवढी साल चढायला दहा-बारा वर्षं लागतात.

माझी पाचावर धारण बसली. तरी डोकं आपलं कारणं शोधत राहिलं. जोडीदाराने कधीतरी ठोकली असेल आणि सांगायचा राहिला असेल. मी वळण चुकलो असेन. वय झालं, डोळे गेले. एकेक कारण मी उचलून बघितलं आणि खाली ठेवलं.

“काका, बरं वाटत नाही का?”

“ऊन लागलं थोडं,” मी म्हणालो. झाडं एवढी दाट होती की आम्ही दोघंही सावलीत उभे होतो.

६

तिने टेपने ढोलीचं तोंड मोजलं. मग वीत लावली, माझ्या पद्धतीने. “एक वीत चार बोटं. अगदी बरोबर.” तिने तोंड ढोलीजवळ नेलं आणि वास घेतला. “साबणाचा वास येतोय.”

“तुमच्याच हाताला असेल.”

“असेल.” तिने बुंध्याला कान लावला. “आत किडा आहे, लाकूड पोखरणारा. ऐका.”

मला ऐकायचं नव्हतं. ऐकलं. टिक, टिक, टिक, आणि मग काही नाही. टिक, टिक, टिक.

त्या क्षणी मी तिला थांबवायला हवं होतं. ‘पोरी, हात घालू नकोस, ही ढोली मी टेबलाशी बसून लिहिली आहे,’ एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मग वही खोटी ठरली असती, रान गेलं असतं, मासे आणि बदकं आणि पाणमांजराची ती केकाटणारी पिल्लंही गेली असती. न बोललो तर त्या पोरीचा हात. मी दोन्ही गोष्टी तोलून पाहिल्या, हे मी लपवत नाही. तोललं आणि गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

तिने गुरुजींपुढे उभं राहिल्यासारखं खाकरलं आणि हात आत घातला. कोपर आत गेलं. कोपराच्या वर चार बोटं गेला.

“आहेत,” ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला. “एक. दोन. तीन. चार.” ती थांबली. “पाच. पाचवं जरा बाजूला आहे. ठेंगणं, जाडसर.”

मी पेन धरून होतो. “पिसं?”

“अजून उघडीच आहेत. ऊबदार आहेत. काका, पिल्लं अशी ओळीने बसतात?”

“बसतात कधीकधी.”

“हलतायत.” ती हसली. “अय्या, माझी बोटं धरतायत! हळूच. ओळख असल्यासारखी.”

“हात काढा आता, मॅडम. झालं.”

“एक मिनिट. पाचच्या मागे अजून कोणीतरी आहे. मोठं.” तिने खांदा झाडाला टेकवून हात आणखी पुढे सरकवला. तिचं हसू हळूहळू विरलं. “या पाचांना धरून बसलंय. घट्ट.”

“आई असेल,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

“आईच असणार.” तिने हात बाहेर काढला आणि दुसऱ्या हाताने चोळला. हाताला काहीही झालेलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. “पण गार आहे हो. पिल्लं एवढी ऊबदार आणि आई गार, असं कसं?”

मी वहीवर वाकलो. लिहिलं: पाच, आणि मोठं एक. घड्याळ पाहून वेळ लिहिली, अकराला पाच कमी. अक्षर अगदी वळणदार आलं.

७

होडीतच तिने वहीवर सही केली. चाळीसपैकी चाळीस. काठावर उतरल्यावर तिने माझ्याशी हात मिळवला, तोच हात, आणि म्हणाली, “काका, तुमचं रान वाचलं.” मला आनंद झाला. खरंच झाला. रस्त्याने चालताना मी मधेच थांबून एकदा मोठ्याने हसलोसुद्धा. ठरवून टाकलं की त्या टोकाला होडी पुन्हा न्यायचीच नाही.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले असतील. उन्हाची तिरीप टेबलावर पडली होती. टेबलावर साबणाची नवी वडी होती, कागद न काढलेली. बायको पाठमोरी उभी राहून भांडी पुसत होती.

“मिळाल्या का चाळीस?” तिने न वळताच विचारलं.

“मिळाल्या.”

“मी म्हटलंच होतं! म्हणूनच एवढे लाडात आला होतात सकाळी?”

“सकाळी? कधी?”

“आता वेड पांघरू नका. अकराच्या सुमाराला.” ती वळली. तिच्या चेहऱ्यावर रुसवा होता, पण खोटाखोटाच. “साबण काढायला फडताळात हात घातला, तर मागून येऊन आतच माझी बोटं धरलीत. एकेक करून मोजलीत, लग्नानंतर मोजायचात तशी. अंगठा शेवटी. मीही धरली मग तुमची. म्हटलं, या वयात हे काय सुचतंय. आणि वळून बघते तर तुम्ही पसार! दार वाजलं नाही की काही नाही.”

मी खुर्चीवर बसलो.

“पण एक विचारू?” ती जवळ आली. रुसवा गेला होता आणि आवाजात काळजी होती. “तुम्हाला बरं आहे ना? बोटं मोजत होतात तो हात चांगला गरम होता. दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं होतंत ना, तो एवढा गार कसा? अगदी बर्फ. आणि किती घट्ट धरावं माणसाने!”

तिने बाही वर केली. मनगटावर काही वळ नव्हता. ती मनगट चोळत राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडून उत्तर यायला जसजसा वेळ लागत होता तसतसा तिचा चेहरा बदलत होता. तिला घाबरलेलं मला बघवत नाही. लग्न झाल्यापासून कधीच बघवलेलं नाही.

“तुम्हीच होतात ना?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हणालो. “मीच होतो.”

तिचा जीव भांड्यात पडला. “हात शेकून घ्या मग,” ती म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

आणि मला उमगलं की मी त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत, त्याच फडताळाकडे पाहत पुन्हा एक खोटी नोंद केली होती. पहिली ढोलीची होती. ही माणसाची, आणि तिला मी माझं स्वतःचं नाव दिलं होतं.

वर घड्याळाने तीन टिक केल्या आणि चौथी गिळली. त्या रिकाम्या जागेत, फडताळाच्या अर्धवट उघड्या दारामागून, कोणीतरी घसा खाकरला. मोठ्याने नाही. आत जे कोणी असतील त्यांना कळावं, एवढ्याच बेताने.